घागर कोणाच्या नावाने

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही, हे माझं कॉलेजात जाण्याचं खरं कारण. समाजसेवेची तळमळ वगैरे नंतर आली, आणि तीही बेताचीच. धुळ्याच्या देवपुरात आमच्या घरापासून चालत जाता येईल असं एक कम्युनिटी कॉलेज होतं. तिथे शिलाई, संगणक, रुग्णसेवा असे वर्ग भरत. त्या वर्षी एक नवा निघाला होता, मानसिक आरोग्य आणि समाजसेवा, एक वर्षाची पदविका. वयाची अट नाही असं खाली लिहिलं होतं. तेवढं वाचूनच मी आत शिरले.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वेड्यांचं कॉलेज?" नवरा म्हणाला, "बरं झालं, घरातल्या घरात सोय झाली." त्या दिवशी मी दोघांनाही भाजी झणझणीत वाढली. मी केळीच्या मुलखातली, जळगावच्या पूर्वेची. आमच्याकडे बागेच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी जागेवरूनच बोलतो, त्यामुळे आवाज मोठा आणि दम कमी. धुळ्यात इतकी वर्षं काढली तरी माझी बोली ऐकून इथल्या बाया अजून तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत.

वर्गात बहुतेक पोरी माझ्या मुलीच्या वयाच्या. माझ्या बाजूचे एकच, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना सगळे आबा म्हणत. शिकवणाऱ्या मॅडम जळगावहून बसने येत, आणि पारोळ्याला बस किती थांबली यावर त्यांचा त्या दिवसाचा चेहरा ठरे. पण वर्गात आल्या की आवाज कधी चढायचा नाही. त्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या आणि एकाला दुःखी व्हायला सांगायच्या. आबा खुर्चीत बसून "मला करमत नाही" एवढं म्हणाले की मी सुरू. सकाळी फिरायला जा, मेथीचे दाणे खा, सुनेशी जमवून घ्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "ताई, त्यांनी अजून दुःख सांगितलंच नाही."

त्यांचे नियम थोडेच होते. सल्ला द्यायचा नाही. समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. आणि निघताना, पुन्हा कधी येणार ते सांगूनच उठायचं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हाही एक नियम होता, पण खेड्यात तो पाळणं अवघड. आपण एखाद्या घरात शिरलो की मागोमाग शेजारीण विरजण मागायला येते. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात, पण इथे भांडं पुढे केलेलं असतं आणि कान लपवलेले असतात.

दिवाळीनंतर घरभेटी सुरू झाल्या. आबांची आणि माझी जोडी लागली, आणि वाट्याला नरडाण्याच्या पुढचं एक गाव आलं. कापसाची वेचणी चालू होती. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आम्हाला एका घराकडे नेता नेता हकीकत सांगत होत्या. त्या घरातला एकुलता एक मुलगा नरडाण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला होता. चार वर्षांमागे एका सकाळी डबा घेऊन निघाला, तो कामावर पोचलाच नाही आणि घरीही परतला नाही. भांडण नव्हतं, प्रेमप्रकरण ऐकिवात नव्हतं. फोन बंद. पोलिसांत सांगून झालं, सुरत-नाशिकला जाऊन शोधून झालं. गावाने मनाशी ठरवून टाकलं की तो आता या जगात नाही.

"भाऊबंद म्हणतात, येत्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरून टाका," आशाताई म्हणाल्या. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या घागरीत पाणी भरतात, पुरणपोळी-आमरसाचा घास अग्नीत टाकतात. घागर भरली की माणूस पितरांत गेला. "बाप तयार आहे. पण आई भरू देत नाही. ती डोक्यातून गेलीय. दाराला कडी लावत नाही, घर सोडत नाही, रोज त्याच्या वाट्याची भाकरी थापते आणि संध्याकाळी गाईला घालते."

त्या आईला गाव अक्का म्हणायचं आणि बापाला नाना. आम्ही गेलो तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली. मी डोक्यावर पदर घेतला, चटईवर टेकले आणि हळू आवाजात दोन शब्द विचारले. तिने उत्तर दिलं नाही. मी गप्प राहिले. आबाही टोपी मांडीवर ठेवून गप्प. तिने चहाचं विचारलं, मी मानेनेच नको म्हटलं. बऱ्याच वेळाने आम्ही उठलो आणि तसेच बाहेर पडलो.

वर्गात मी ही भेट सांगितली तेव्हा मॅडमचा चेहरा उजळला. "ताई, तुम्ही इतका वेळ गप्प बसलात?" पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या न बोलण्याचं कौतुक करत होतं.

पुढच्या आठवड्यात गेलो तर अक्काच्या दाराला आतून कडी. ज्या दाराला चार वर्षं कडी लागली नव्हती, ते दार आमच्या तोंडावर बंद. नाना बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. उंच, वाळलेला माणूस. ते उठले आणि आम्हाला जरा बाजूला घेऊन गेले.

"ताई, तुम्हीन डोकावर पदर लिधा, चहा पिधा नही, आन उठीसन निंघी ग्यात. 'येस' बी सांगं नही. तिले वाटनं, तुम्हीन बी पोरले मरेल धरं."

पोराला मेलेला धरलं, मी. दुखवट्याच्या घरी आपण चहा घेत नाही. निघताना 'येते' म्हणत नाही, कारण अशा प्रसंगाला पुन्हा यायचं नसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी मी ठरवूनही केलं नव्हतं. आईबरोबर, सासूबरोबर शंभर घरी बसून ते अंगात मुरलं होतं. पोरगा हरवलाय हे वाटेत ऐकूनही माझ्या पदराने, माझ्या मानेने, माझ्या पायांनी परस्पर निकाल देऊन टाकला होता. आणि जिच्यासाठी टाळ्या मिळाल्या ती शांतता शिकलेली नव्हतीच, ती दुखवट्याची होती. मला स्वतःचा असा राग आला की परतीच्या बसमध्ये आबांशीही बोलले नाही. आबा एवढंच म्हणाले, "मीपण टोपी काढलीच होती की."

मॅडमना सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीही इकडचीच, नशिराबादची आहे. मीही तशीच उठले असते." आणि काय करू विचारलं तर नेहमीसारखंच, "तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटलं ते मी केलं. पुढच्या खेपेला अक्काच्या ओट्यावर जाऊन बसले आणि केळीच्या बागेतल्या आवाजात म्हणाले, "अक्का, मागचा चहा राहिला माझा. तो प्यायला आले."

आबा माझ्याकडे असे बघत होते की बाई आता मार खाणार. मग आतून आवाज आला, "दूध नही शे."

"कोरा चालेल."

"साखर बी नही शे."

"गुळाचा करा."

"देवपूरमा चहा भेटस नही का?"

"भेटतो. पण इथला राहिलाय ना."

कडी निघाली. चहा झाला, तोही दूध-साखरेचा, आणि मी दोन कप प्याले. कप खाली ठेवताना अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बी त्याले मारी टाकं व्हतं." मी म्हणाले, "हो अक्का. चुकलं माझं." यावर सल्ला काही सुचला नाही, सुचला असता तरी दिला नसता. उठले तेव्हा उंबऱ्यात उभी राहून स्वच्छ सांगितलं, "येते. गुरुवारी येते."

"येशी ते दूध लई येजो," अक्का म्हणाली.

त्यानंतर हिवाळाभर दर गुरुवारी आम्ही दूध घेऊन गेलो. अक्का बोलू लागली. पोरगा लहानपणी कसा होता हे कमी, आणि आता तो कसा असेल हे जास्त. त्याला आता चष्मा लागला असेल का, टक्कल पडलं असेल का, त्याच्या बापाला लवकर पडलं होतं. मी ऐकत राहायची. माझ्यासारखीला हे काम नांगरणीपेक्षा जड. पण तिला झोप नव्हती, जेवण नव्हतं, हात थरथरत, आणि नुसत्या ऐकण्याने ते थांबणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. अक्का उंबरा ओलांडायला तयार नव्हती; पोरगा नेमका तेव्हाच आला तर?

"घर कोनी नही आन तो उना ते? कुलूप देखीसन माघारे फिरी जाई."

नाना तेव्हा घरात नव्हतेच. दुपारी ते कधी घरात नसायचे. आबा म्हणाले, "तुम्ही जा. मी बसतो ओट्यावर. बस सोडून कंडक्टर कुठे जातो?"

अक्काने त्यांना नीट निरखलं. मग आत जाऊन भाकरी आणि ठेच्याची वाटी फडक्याखाली झाकली, आबांना ती जागा दाखवली आणि बजावलं, "तो उना ते पह्यले जेवाले दे. काही इचारू नको." आबांनी मान हलवली. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा ते त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून बसले होते. दवाखान्यापेक्षा त्या बसण्याने अक्काचा आमच्यावर विश्वास बसला असं मला वाटतं. पण गोळ्यांनीही काम केलं. महिन्या-दीड महिन्यात ती झोपू लागली आणि तिच्या गालांवर थोडं मांस आलं.

मला मात्र नानांचा राग येत होता. उन्हं तापायला लागली तसे भाऊबंद आखाजीचं बोलायला येऊ लागले, आणि नाना त्यांच्यात बसून मान डोलवत. एका गुरुवारी ते लिंबाखाली एकटे सापडले. माझा दम संपला. सगळे नियम गुंडाळून मी त्यांना म्हणाले, "नाना, आई थांबलीय पोरासाठी, आणि तुम्ही बाप असून घाई करता?"

नाना चिडले नाहीत. खालचं एक पान उचलून बोटांत चुरगाळत राहिले.

"ताई, मी रोज दुपारले नरडाणा टेशनवर जास. गाडी येस, बठ्ठा लोके उतरतस, मी देखस. गावले सांगस, वावरमा जास. चार वरीस व्हई ग्यात." थोडं थांबून म्हणाले, "थकी गऊ. घागर भरी दिधी का मंग माले टेशनवर जानं पडाव नही."

"अक्काला माहीत आहे?"

"नही. सांगं ते ती बी येवाले लागी."

मी तिथेच खाली बसले. इतके महिने मी या घरात येत होते. झोप लागते का, भूक लागते का, हे प्रश्न मी अक्काला किती वेळा विचारले असतील. या माणसाला एकदाही नाही. तो गप्प होता म्हणून मी त्याला घट्ट मनाचा समजले होते.

मॅडम म्हणाल्या, हे त्यांनीच तिला सांगायला हवं, तुम्ही फक्त शेजारी बसा. पुढच्या गुरुवारी मी तेवढंच केलं. नानांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. अक्का ऐकत राहिली. ती रडेल, ओरडेल, मला बाहेर जा म्हणेल, या सगळ्याची मी मनात तयारी केली होती. तिने एवढंच विचारलं, "कोनता डबामा देखतस?"

"बठ्ठा," नाना म्हणाले. सगळ्याच डब्यांत.

ती उठली आणि त्यांचं उपरणं पाण्यात भिजवून घेऊन आली. उन्हात जाताना डोक्याला बांधत जा म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, जाता जाता बोलावं तसं बोलली, "घागर आननी व्हई ते आना. पन त्यानं नाव लेवानं नही." नानांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं. घागर आणायची आणि नाव घ्यायचं नाही म्हणजे काय, ते मला कळलं नाही.

आखाजीला खानदेशातली लेक माहेरी असते. झोके, गाणी, आमरस सगळं तिथे. मी भावाला फोन करून दुसऱ्या दिवशी येते म्हणाले, तर त्याचा आवाज एवढासा झाला. तरी मी सकाळच्या बसने नरडाण्याकडे निघाले. आबा आधीच येऊन ओट्यावर बसले होते.

घरात सारवलेल्या जमिनीवर गव्हाच्या राशीत दोन घागरी मांडल्या होत्या, नानांच्या आई-वडिलांच्या. वर खरबूज आणि आंबा ठेवलेला. तिसरी घागर नवी कोरी, पाण्याने भरलेली, बाजूला होती. भाऊबंद भिंतीला टेकून बसले होते. अक्का चुलीपाशी खापरावर पुरणपोळी टाकत होती आणि तिची पाठ आमच्याकडे होती. नानांनी वडिलांचं नाव घेऊन विस्तवावर घास टाकला, मग आईचं. धूर निघाला. मग त्यांनी तिसऱ्या घागरीवर हात ठेवला.

सगळे थांबले. अक्काचा हातही खापरावर थांबला. मला वाटलं, आता तोंडातून नाव निघालं की हे घर दोन तुकड्यांत मोडेल, आणि नाही निघालं तर हा माणूस उद्या पुन्हा उन्हात चालत जाईल. मला दोघांचीही बाजू पटत होती आणि काही करता येत नव्हतं.

नानांनी घागर उचलली. दोन्ही हातांत धरून ते उंबऱ्याबाहेर आले आणि लिंबाखाली दोन विटांवर त्यांनी ती टेकवली. थोरला भाऊबंद मागून ओरडला, "आरे, हाई काय करी ऱ्हायना?"

"ज्याले तहान लागी तो पेई," नाना म्हणाले.

आत कुजबुज झाली. कोणी म्हणालं असं कुठे असतं का, कोणी म्हणालं याचंही डोकं गेलं. अक्का पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिने घागरीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. मग आत जाऊन ओलं फडकं आणि तांब्या घेऊन आली, फडकं घागरीभोवती गुंडाळलं आणि तांब्या वर पालथा घातला. भाऊबंद थोडा वेळ फुगून बसले, पण पुरणपोळीचा वास सुटला होता, आणि खानदेशात आखाजीच्या पुरणपोळीवर रुसून कोणी घरी गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पंगत बसायच्या आत रस्त्यावरून एक माणूस आला. तिशीतला, खांद्याला पिशवी, वसाहतीकडून चालत निघालेला दिसत होता. इकडचा नव्हता. त्याने हिंदीत विचारलं, पाणी मिळेल का. अक्काने स्वतः तांब्या भरून दिला. तो उभ्या उभ्या पूर्ण प्यायला, तिने पुन्हा भरून दिला, तोही प्यायला. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती.

"तेरी माय है क्या?" तिने विचारलं.

तो हसला. है, म्हणाला, गाव में.

"उसकू मालूम है, तू किधर है?"

त्याने खाली बघितलं. फोन करीन म्हणाला, बरेच दिवस राहून गेलं.

"अब्भी कर," अक्का म्हणाली. "मेरे सामने कर."

तो जरा ओशाळला, पण त्याने फोन काढला. लिंबाच्या खोडाला हात टेकवून उभा राहिला. पलीकडे घंटी वाजत होती ती आम्हाला ऐकू येत होती. मग कोणीतरी उचलला, आणि एका बाईचा आवाज इतका मोठ्याने, इतका भरभर बोलू लागला की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. शब्द आमच्या ओळखीचे नव्हते. पण ती रागावत होती हे कळत होतं, आणि मध्येच ती रडली तेही कळलं.

नाना घागरीशेजारी खाली बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. चार वर्षांत हा माणूस रडलेला कोणी पाहिला नव्हता. अक्का त्यांच्याकडे गेली नाही. फोनवरचा तो आवाज थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहून ऐकत राहिली. आवाज थांबला तेव्हा तिने तांब्या भरला आणि नानांच्या पुढे धरला.

"प्या," ती म्हणाली. "सकायपाईन पोटमा काहीच नही शे तुमना."